गर्भाशय काढले म्हणजे रजोनिवृत्ती आली का?

सोलापुरातील एका एकत्र कुटुंबात दोन जावा. थोरली शाळेत शिक्षिका, तर धाकटी घर सांभाळून शिवणकाम करणारी. एकाच वर्षी, सहा महिन्यांच्या अंतराने, दोघींचीही गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली. थोरली तेव्हा ४४ वर्षांची होती, धाकटी ३९ ची. घरात दोन्ही शस्त्रक्रियांचा उल्लेख एकाच शब्दात होई, 'पिशवी काढली.'

पण पुढे दोघींच्या बाबतीत घडले ते अगदी वेगळे. थोरली घरी आली आणि आठवड्याच्या आतच तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या. पंख्याखाली बसूनही मानेवरून घाम ओघळे. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. सासूबाई म्हणत, "धाकटीनेही तेच ऑपरेशन केले, पण ती बघ कशी कामाला लागली! तुझेच काहीतरी नाजूक." थोरली गप्प बसे. आपलेच मन कमकुवत आहे, असे तिलाही वाटू लागले होते.

चार वर्षे गेली. मग एके रात्री धाकटी छातीत धडधड होऊन दचकून जागी झाली. गाऊन घामाने भिजला होता. पुढच्या आठवड्यात तीनदा तसेच झाले. नवऱ्याने तिला हृदयरोगतज्ज्ञाकडे नेले. ईसीजी व्यवस्थित, रक्तदाब व्यवस्थित. झोपेच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवण्यात आले. थोरलीने एकदा चाचरत विचारले, "अगं, तुझी पाळी जायची वेळ तर आली नसेल?" धाकटी हसली. "जाऊबाई, पाळी जाऊन चार वर्षे झाली की! आता आणखी काय जायचे राहिले?"

या प्रश्नाचे उत्तर दोघींनाही ठाऊक नव्हते. ते दोघींच्या रुग्णालयाच्या फायलींमध्ये होते, आणि त्या फायली कपाटात लग्नाच्या शालूखाली पडून होत्या.

नाव एक, शस्त्रक्रिया वेगवेगळ्या

'पिशवी काढली' या दोन शब्दांत निरनिराळ्या शस्त्रक्रिया झाकल्या जातात. कधी गर्भाशयाचा फक्त वरचा भाग काढतात आणि गर्भाशयमुख जागेवर ठेवतात. कधी गर्भाशय मुखासकट काढले जाते. आणि कधी गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंचे बीजांडकोश म्हणजे ओव्हरीज आणि गर्भनलिकाही काढल्या जातात.

पाळी गर्भाशयातून येते, पण ती घडवून आणण्याचे काम बीजांडकोश करतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके तेथे तयार होतात. त्यांच्या सांगण्यावरून गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला वाढते आणि गळून पडते. म्हणून गर्भाशय काढल्यावर रक्तस्राव थांबतो, हे खरे. पण बीजांडकोश शाबूत असतील तर संप्रेरकांचे चक्र चालूच राहते. अशा काही स्त्रियांना महिन्यातून एकदा पूर्वीसारखेच स्तन जड वाटतात, मन उदास होते, ओटीपोट फुगल्यासारखे वाटते. फक्त पाळी दिसत नाही.

रजोनिवृत्ती म्हणजे बीजांडकोशांचे काम थांबणे. गर्भाशय असलेल्या स्त्रीमध्ये ते पाळी बंद झाल्यावरून कळते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६ ते ४७ च्या आसपास असते. पण गर्भाशयच नसेल तर ही खूणच नाहीशी होते. पाळी बंद होणे आणि रजोनिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धाकटीला कोणी सांगितलेच नव्हते.

एका दिवसात आलेली रजोनिवृत्ती

थोरलीच्या फाइलमध्ये गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोश काढल्याची नोंद होती. नैसर्गिक रजोनिवृत्ती येताना शरीराला काही वर्षांची सवड मिळते. पाळी मागेपुढे होते, संप्रेरके हळूहळू कमी होतात. दोन्ही बीजांडकोश काढल्यावर मात्र इस्ट्रोजेनचे प्रमाण एक-दोन दिवसांतच कोसळते. म्हणूनच वाफा येणे, रात्री घाम, झोपमोड, योनीचा कोरडेपणा, सांधेदुखी, लघवीची जळजळ, मनाची घालमेल हे सारे एकदम आणि अधिक तीव्रतेने जाणवते. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

त्रास केवळ वाफांपुरता नसतो. इस्ट्रोजेन हाडांना बळकटी देते. ते कमी झाले की हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात. हृदय व रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो. अमेरिकेत हजारो परिचारिकांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. २००९ मध्ये त्यातून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढलेल्या स्त्रियांची तुलना ते राखलेल्या स्त्रियांशी केली होती. काढलेल्यांमध्ये बीजांडकोशाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी दिसला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले.

'पुढे कॅन्सर नको, म्हणून तेही काढून टाकू,' हे वाक्य आजही अनेकींच्या कानावर पडते. एके काळी चाळिशीनंतर असे सर्रास केले जाई. आता तज्ज्ञांचे मत बदलले आहे. बीजांडकोश निरोगी असतील आणि घराण्यात तसा धोका नसेल, तर रजोनिवृत्तीपूर्वी ते राखण्याकडेच कल असतो. बीजांडकोशाचे अनेक कर्करोग प्रत्यक्षात गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतात, असे दिसून आले आहे. म्हणून फक्त नलिका काढून बीजांडकोश ठेवण्याचा पर्यायही आता दिला जातो. मात्र ज्यांच्या आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग झाला आहे किंवा ज्यांच्यात बीआरसीए जनुकातील दोष आढळला आहे, त्यांच्यासाठी बीजांडकोश काढणे प्राण वाचवणारे ठरू शकते. निर्णय प्रत्येकीचा वेगळा असतो, तो सरसकट होऊ नये.

बीजांडकोश ठेवले तरी घड्याळ पुढे?

धाकटीच्या फाइलमध्ये फायब्रॉइडच्या गाठींमुळे गर्भाशय काढल्याचे आणि दोन्ही बीजांडकोश ठेवल्याचे लिहिले होते. मग तिला ४३ व्या वर्षीच हा त्रास का व्हावा?

बीजांडकोश राखले तरी काही स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती अपेक्षेपेक्षा लवकर येते. न्यूझीलंडमध्ये पाच वर्षे केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये ती सरासरी ३.७ वर्षे आधी आल्याचे दिसले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३० ते ४७ वयाच्या स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. चार वर्षांनंतर, गर्भाशय काढलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या बीजांडकोशांनी काम थांबवले होते. गर्भाशय असलेल्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. म्हणजे धोका जवळजवळ दुप्पट, आणि रजोनिवृत्ती सुमारे दोन वर्षे आधी. एक बीजांडकोश काढलेल्यांमध्ये धोका आणखी जास्त होता.

पण या आकड्यांची दुसरी बाजूही पाहायला हवी. चार वर्षांनंतरही शंभरातील ८५ स्त्रियांचे बीजांडकोश काम करीतच होते. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकीने घाबरून जाण्याचे कारण नाही. फक्त आपण त्या पंधरांपैकी असू शकतो, याची जाणीव हवी.

असे का होते, याचे एक कारण रक्तपुरवठ्यात शोधले जाते. बीजांडकोशांना दोन मार्गांनी रक्त मिळते. एक रक्तवाहिनी थेट महारोहिणीतून येते, तर दुसरी फांदी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतून. गर्भाशय काढताना ही दुसरी फांदी बांधून कापावी लागते. त्यामुळे काहींच्या बीजांडकोशांना पुरेसे रक्त मिळत नाही. दुसरे मत असे की, ज्या आजारासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, त्याचाच बीजांडकोशांशी काही संबंध असावा. या दोहोंपैकी नेमके कोणते कारण किती खरे, यावर अजून एकमत नाही.

पाळी नाही, मग ओळखायचे कसे?

शरीर इतर खुणा देतच असते. एकाएकी चेहऱ्यावर आणि मानेवर उष्णता चढणे, मध्यरात्री घामाने जाग येणे, धडधड, विसराळूपणा, कारण नसताना रडू येणे, पतीजवळ जाताना वेदना होणे, लघवीला वारंवार जावे लागणे. यातली दोन-तीन लक्षणे काही आठवडे टिकली तर स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटावे. भेटल्याबरोबर पहिले वाक्य हेच असावे: 'माझे गर्भाशय काढले आहे, बीजांडकोश ठेवले आहेत.'

पंचेचाळिशीच्या आतील स्त्रीमध्ये डॉक्टर रक्तातील एफएसएच या संप्रेरकाची तपासणी करून घेतात. ते वाढलेले आढळले तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात, कारण एकाच तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. थायरॉइडचीही तपासणी होते, कारण थायरॉइड वाढल्यावर घाम, धडधड आणि चिडचिड अशीच दिसते.

धाकटीला शिवणयंत्रावरची सुई दोऱ्यात ओवता ओवता रडू येई. आपल्याला वेड लागत चालले आहे, असे तिला वाटे. तपासणीत एफएसएच दोन्ही वेळा वाढलेले निघाले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, "म्हणजे जाऊबाईंना चार वर्षांपूर्वी हेच होत होते, आणि आम्ही सगळे त्यांना नाजूक म्हणत होतो."

सोसण्याची गरज नाही

वाफा सहन करणे हे स्त्रीचे भोग आहेत, असे मानण्याचे दिवस गेले. पंचेचाळिशीच्या आत रजोनिवृत्ती आली असेल आणि काही विशेष अडचण नसेल, तर निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकोपचार घेण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. कारण त्यामुळे त्रास तर कमी होतोच, शिवाय हाडांचेही रक्षण होते. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेनही घ्यावे लागते, नाहीतर गर्भाशयाचे अस्तर वाजवीपेक्षा वाढते. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. ते गोळी, जेल किंवा त्वचेवर लावायच्या पट्टीच्या रूपात मिळते.

मात्र हे उपचार शेजारणीच्या चिठ्ठीवरून कधीही घेऊ नयेत. स्तनाचा कर्करोग झालेल्या, पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रियांना ते सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी वाफा कमी करणारी संप्रेरकरहित औषधे आहेत. फक्त योनीचा कोरडेपणा असेल तर तेथे लावायचे मलमही पुष्कळदा पुरेसे होते. हा विषय पतीपासून लपवू नये. कित्येक घरांत यामुळेच पती-पत्नींत अबोला येतो आणि कारण मात्र कोणी बोलून दाखवत नाही.

आहारात दूध, दही, नाचणी, तीळ, पालेभाज्या असाव्यात. दिवसाकाठी १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवे. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हाडांना उपयोगी पडतो. लवकर रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीने हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केव्हा करावी, हे डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही वर्षातून एकदा तपासावे. गर्भाशयमुख ठेवले असेल तर त्याची पॅप तपासणी पूर्वीसारखीच चालू ठेवावी लागते, हेही बहुतेकींना माहीत नसते.

खरेच काढायला हवे होते का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ मधील पाचव्या फेरीनुसार, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हे प्रमाण ८ टक्क्यांहून अधिक होते. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी अतिरक्तस्राव हे कारण सांगितले.

महाराष्ट्राला हा प्रश्न २०१९ मध्ये बीड जिल्ह्याने दाखवून दिला. ऊसतोडणीला जाणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तरी दंड बसतो. फडात ना संडास, ना आडोसा, ना विश्रांती. अशा वेळी पाळीचा त्रासच नको म्हणून कित्येकींनी तरुण वयातच पिशवी काढून टाकली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच तक्रारींवर २०१३ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे त्यात राज्यांना सांगण्यात आले.

पस्तिशीत पाळीपासून सुटका मिळवणाऱ्या या स्त्रीला पुढे कंबरदुखी, वाफा, ठिसूळ हाडे सोसत पुन्हा मोळ्या उचलाव्या लागतात. सुटका स्वस्तात मिळाली असे तिला वाटते, पण तिची किंमत नंतर वसूल होते.

अतिरक्तस्रावावर शस्त्रक्रियेखेरीज उपाय आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची आणि संप्रेरक सोडणारी तांबी, दुर्बिणीतून मस्सा काढणे, गर्भाशय राखून फक्त गाठी काढणे, गाठींचा रक्तपुरवठा बंद करणे, अस्तर जाळून टाकणे. सगळेच उपाय सगळ्यांना लागू पडत नाहीत. कर्करोग असेल किंवा इतर उपाय थकले असतील तर गर्भाशय काढणे योग्यच असते आणि त्यामुळे अनेकींचे आयुष्य सुखाचेही होते. शस्त्रक्रिया वाईट नाही, न विचारता केलेली शस्त्रक्रिया वाईट.

शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीने डॉक्टरांना पुढील प्रश्न अवश्य विचारावेत:

• आजार नेमका कोणता आणि औषधाने तो आटोक्यात येईल का?

• थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी झाली आहे का?

• काय काय काढणार? बीजांडकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का?

• बीजांडकोश काढल्यास पुढे कोणते उपचार द्याल?

• दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याइतका वेळ आहे का?

घरी येताना डिस्चार्ज कार्डासोबत पॅथॉलॉजीचा अहवालही मागून घ्यावा. काय काढले आणि काय ठेवले, हे डॉक्टरांकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद जन्मभर जपून ठेवावा.

सोलापूरच्या त्या घरात गेल्या दिवाळीला ३६ वर्षांची नणंद माहेरी आली. तिला महिन्यातून दहा-दहा दिवस रक्तस्राव होत होता. चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी, आमच्याकडच्या डॉक्टरांनी पिशवी काढून टाका म्हटले आहे. दोन मुले झालीच आहेत, काढली की सुटले," ती म्हणाली. सासूबाईंनीही मान डोलावली.

पण या वेळी थोरली गप्प बसली नाही. तिने कपाटातून दोन्ही फायली काढून नणंदेच्या पुढ्यात ठेवल्या. "आधी हे बघ. आम्ही दोघींनी काहीही न विचारता सह्या केल्या. तू विचारून कर."

दुसऱ्या दिवशी तिघी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेल्या. तपासणीत हिमोग्लोबिन ७ निघाले आणि थायरॉइड बिघडलेले आढळले. सोनोग्राफीत एक लहानशी गाठ दिसली, पण ती धोकादायक नव्हती. नणंदेला लोहाची इंजेक्शने आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली, गर्भाशयात संप्रेरकाची तांबी बसवण्यात आली. सहा महिने वाट पाहून पुढचे ठरवायचे आहे. कदाचित शस्त्रक्रिया टळेल, कदाचित करावीही लागेल. पण करावी लागलीच तर काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे या वेळी तिला आधी ठाऊक असेल.

सासूबाई आता थोरलीला नाजूक म्हणत नाहीत. दुपारी तिला वाफ आली की त्या स्वतःच उठून पंखा मोठा करतात.